मागे वळून वाचण्याची मुभा
२००९ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘किंडल’ या आपल्या वाचनयंत्राची दुसरी आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय तीत होती. परंतु ग्रंथ निवडण्यासाठी आणि तो आवाज सुरू करण्यासाठी पडद्यावर ज्या याद्या उमटत, त्या मुक्या असल्यामुळे, ज्याला त्या आवाजाची सर्वांत अधिक गरज त्या अंध वाचकालाच डोळस माणसाची आर्जवे करणे भाग पडे. त्याच वर्षी अमेरिकेतील अंधांच्या संघटनांनी, पाठ्यपुस्तकांसाठी किंडल वापरू पाहणाऱ्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाविरुद्ध दावा गुदरला. २०१० च्या आरंभी तडजोड झाली, आणि त्या वर्षीच्या नव्या किंडलमध्ये याद्याही बोलू लागल्या.

अंधासाठी यंत्र घडविणारा बहुधा आवाजाच्या माधुर्याचा विचार आधी करतो आणि वाचकाच्या स्वातंत्र्याचा मागाहून, हे मला या प्रकरणात विशेष खटकते. वाचणारा मनुष्य थबकतो, चार पाने मागे जाऊन आधीचे विधान ताडून पाहतो, तळटीप गाळतो, एखाद्या विशेषनामाचे लेखन अक्षरशः तपासतो. या सर्व व्यवहारात मुखत्यारी त्याची असते. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘डेझी’ या अंधांच्या ग्रंथालयांच्या संघाने प्रसृत केलेल्या ग्रंथरचनेचे महत्त्व हेच, की तीत ध्वनिमुद्रित ग्रंथालाही प्रकरणे, शीर्षके व पृष्ठांक असतात, आणि विद्यार्थ्याला वर्गात सांगितलेले पृष्ठ इतरांबरोबर उघडता येते.

तथापि कितीही सुबोध आवाज असला तरी तो वाचकाच्या वतीने काही निर्णय परस्पर करून टाकतो. मराठीत थोडेसे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ यांतील ‘ज’ निरनिराळे उच्चारले जातात. डोळस वाचक संदर्भाने ते ठरवितो, यंत्र मात्र एकच उच्चार ठोकून मोकळे होते. ब्रेल वाचणाऱ्या बोटांपुढे हा निर्णय पुन्हा वाचकाकडे येतो, म्हणून उंचसखल होणाऱ्या ठिपक्यांची पट्टी ही मला चैनीची वस्तू वाटत नाही. पण अशी लहान यंत्रे साधारणतः वीस घरांची एकच ओळ देतात आणि भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराला अधिकची घरे लागतात, त्यामुळे संस्कृतप्रचुर मराठीचे दोन-तीन शब्द वाचले न वाचले तोच ओळ बदलावी लागते. कविता वाचणाऱ्याने चरणाची लांबी मग ओळखावी कशी? अधिक ओळींचे, आणि सामान्य विद्यार्थ्याला परवडणारे, यंत्र ही माझ्या मते पहिली निकड आहे.

दुसरी अडचण यंत्रात नसून आपल्या छापखान्यांत आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या मराठी ग्रंथांच्या धारिका डोळ्यांना देवनागरी दिसतात, परंतु त्यांच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असल्यामुळे वाचनयंत्र त्यांतून निरर्थक बडबड तेवढी काढते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रताधिकार कायद्यात अंधांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा आली, आणि २०१४ साली अशाच प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश करारास मान्यता देण्यात भारत सर्व राष्ट्रांत पहिला होता. असे असता मराठी प्रकाशकाच्या दफ्तरातील धारिका वाचनयोग्य नसावी, ही गोष्ट मला लज्जास्पद वाटते. शासकीय अनुदानावर निघणाऱ्या प्रत्येक मराठी ग्रंथाची युनिकोडातील, शीर्षके व पृष्ठांक यांच्या खुणांसह सिद्ध केलेली प्रत अंधांच्या ग्रंथालयात जमा झाल्यावाचून अनुदानाचा अखेरचा हप्ता अदा होऊ नये, अशी तजवीज मंजुरीच्या हुकुमातच करावी.