खोड सांगून विकावी

भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या सतराव्या कलमाखाली उदाहरणादाखल एक घोडा उभा आहे. मालक त्याचा लिलाव करतो. घोडा अधू आहे हे मालकाला पक्कं ठाऊक आहे, पण तो अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढच्याच उदाहरणात घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, तिथे मात्र बापाने सांगायलाच हवं. तिसऱ्यात घेणारा बजावतो, की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. यावर मालक गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं हेच बोलणं ठरतं.

हा घोडा मला आठवला तो भाच्याच्या गाडीमुळे. त्याने मोबाइलवरची जाहिरात बघून एका जुन्या मालकाकडून 2019 सालची फोर बाय फोर घेतली. नगरहून सुट्टीच्या दिवशी भंडारदरा, घाटघर, सांदण दरी, अशी त्याची हौस. गाडी सजवलेली होती. जाड टायर, पुढे विंच, टपावर एलईडीची लांब पट्टी. आणि डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याला लागतील अशी, प्लास्टिकला भोकं पाडून बसवलेली चार बटणं. टपावरची पट्टी, विंच आणि मागचा जादा दिवा अशी तिघांची ओळख पटली. चौथं दाबलं की काहीच होत नसे. ते कधी दाबलेलं असे, कधी नसे. पोरं सहज चाळा म्हणून खेळायची.

शेवटी गाडी वायरमनकडे गेली. या लोकांची पद्धत बघण्यासारखी असते. बटण वारंवार दाबून त्याने काही शोधलं नाही. आधी चावी लावली, इंजिन बंद ठेवलं, बटण दाबलं आणि बॉनेटपाशी कान नेला. कुठेतरी रिले ‘टक’ वाजला. म्हणजे तार तुटलेली नव्हती, बटण काम करत होतं. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबलं. इंजिन बंद पडलं असतं तर चोरीपासून वाचवायला लपवलेलं बटण म्हणून विषय संपला असता. इंजिन चालूच राहिलं. मग त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि बटणाच्या मागची वायर हाताने चाचपत फ्यूजच्या डब्यापर्यंत नेली. जाता जाता एलईडी पट्टीच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूजच नाही हेही त्याला दिसलं. साधा हिशेब आहे, 120 वॅटची पट्टी 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढते. अशी वायर घासून बॉडीला लागली आणि मध्ये फ्यूज नसला, की वायरच तापून पेट घेते.

चौथ्या बटणाची वायर जाऊन मिळाली एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, फ्यूजला. बटण दाबलं की एबीएस बंद. आणि ते सांगणारा मीटरमधला पिवळा इशारादिवा आतून काळ्या पट्टीने झाकलेला होता.

आता हे बटण बसवणारा माणूस वेडा नव्हता. सैल मुरमाच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत-धरत राहतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. तिथे चाक जाम होऊन पुढे मातीचा ढीग साचला तर गाडी लवकर थांबते. ऑफ-रोडवाल्यांना हे माहीत असतं. पण हीच सोय नगर-पुणे रस्त्यावर, ओल्या डांबरावर, समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक दिसल्यावर काय करील? चाकं जाम होतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाईल.

भाच्याने जुन्या मालकाला फोन केला. उत्तर अगदी शांतपणे आलं, “तुम्ही विचारलं नाहीत.”

कायद्याच्या पहिल्या उदाहरणात हा माणूस चपखल बसतो, असं त्याचा वकील म्हणेल. इशारादिवा झाकला ते निव्वळ गप्प बसणं नाही, असं आपला वकील म्हणेल. जाणूनबुजून लपवणं हीदेखील त्याच कलमात फसवणूकच आहे. तो वाद कोर्टात रंगू दे. मला खटकतं ते वेगळंच. त्या घोड्याच्या व्यवहारात माणसं दोन. घोडा लंगडला तर नुकसान घेणाऱ्याचं. गाडीच्या व्यवहारात मात्र तिसरा माणूस असतो. तो ट्रॉलीवर बसलेला असतो, किंवा सायकलवरून शाळेत चाललेला असतो. त्याने गाडी घेतली नाही, भाव केला नाही, प्रश्न विचारायची संधीही त्याला मिळाली नाही. “विचारलं नाहीत” हे उत्तर त्याला कोण देणार?

नगरला तर हे जास्तच बोचायला हवं. लष्करी गाड्यांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्था इथलीच, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमात मान्यताप्राप्त तपासणी संस्थांमध्ये तिचंही नाव आहे. म्हणजे नव्या मॉडेलचा ब्रेक विक्रीआधी अशा संस्थांत कसून बघितला जातो. पुढे एखादा हौशी मालक साध्या बटणाने ती सगळी मेहनत पुसतो, आणि मालकी बदलताना भरायच्या नमुना 29 आणि 30 मध्ये ‘गाडीत काय बदललं’ असा रकानाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 च्या दुरुस्तीने दर बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. पण गुडघ्याजवळचं बटण कोणाला दिसतं?

धोक्याचं बटण असणं हा स्वतः गुन्हा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये ब्लॅकआउटचं बटण होतंच. ते ब्लॅकआउटच्या खाचेत ठेवलं की मोठे दिवे आणि मागचे नेहमीचे ब्रेकचे दिवे बंद, फक्त फटीतून मिणमिणता उजेड. चुकून पूर्ण दिवे लागू नयेत म्हणून त्यावर वेगळी खिट्टीही होती. आजच्या रस्त्यावर ते बटण चुकीच्या खाचेत राहिलं तर घात होईल. पण ते पुस्तिकेत लिहिलेलं होतं, आणि गाडी हातात देण्याआधी जवानाला शिकवलं जाई.

घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात जनावर घेणारा दात बघतो, चालवून बघतो, म्हैस असेल तर पिळून बघतो, आणि तरीही विचारतो, “खोड काय?” मारकं आहे, एक सड बंद आहे, हे विकणारा बहुधा सांगतो. तो संत असतो म्हणून सांगतो असं नाही. पुढच्या बाजाराला त्याला त्याच लिंबाखाली पुन्हा उभं राहायचं असतं. मोबाइलवर गाडी विकणाऱ्याला ते भय नाही. नंबर ब्लॉक केला की व्यवहार संपला. भय गेल्यावर जे उरतं तेच माणसाचं खरं वळण, आणि या जुन्या मालकाचं वळण चांगलं नव्हतं असं मी स्पष्ट म्हणतो. भाच्यालाही मी मोकळं सोडत नाही. कळत नसलेलं बटण घेऊन इतके दिवस घाट चढणं-उतरणं हा निष्काळजीपणाच होता.

तुमच्यापैकी कोणी या दिवाळीत जुनी गाडी विकणार असेल, तर एका कागदावर लिहा: काय बसवलं, कुठल्या वायरवर, कोणत्या बटणाने चालतं, कधी दाबू नये. खाली सही करा आणि तो कागद आरसी बुकाबरोबर द्या. घेणार असाल तर तो मागा, आणि विकणारा देत नसेल तर ती गाडी घेऊ नका.