पत आणि माफी

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात उधार मिळण्याची योग्यता ती पत, आणि चारचौघांतली अब्रू तीही पतच. भाषेने एकत्र ठेवलेले हे दोन अर्थ सावकारीने वेगळे केले. माणसाच्या शब्दाची जागा कागदाने घेतली. 1875 साली सुप्याच्या बाजारात चिडलेल्या कुणब्यांनी मुख्यतः कर्जरोखेच जाळले, ते काही उगीच नव्हे.

चरोद्याच्या रेल्वे यार्डापलीकडे भाताचा मुलूख सुरू होतो. या छत्तीसगढात गावाच्या सामाईक धान्यसाठ्याला ‘रामकोठी’ म्हणतात. सुगीनंतर गावकऱ्यांचे धान तिच्यात जमा होते. काही गावांत पौष पौर्णिमेच्या छेरछेरा सणाला घरोघर मागितलेले धानही तिच्यातच पडते. पेरणीला वा अडीअडचणीला गरजूने ते न्यावे आणि नवे पीक आल्यावर थोड्या वाढीसह परत घालावे, असा हा रिवाज. याच्याशी सावकाराची सवाई ताडून पाहावी. आषाढात चार पोती नेली तर मार्गशीर्षात पाच द्यायची, म्हणजे पाच-सहा महिन्यांत शेकडा 25; दिढीत तर शेकडा 50. अशा कर्जात पुढच्या पेरणीचे बी आधीच गावाबाहेर जाते. रामकोठीचे धान गावातच फिरते, म्हणून गावचे अन्न गावाच्या हाती राहते.

आता खरा प्रश्न असा, की एखाद्याचे पीक बुडाले तर कोठीने त्याला माफी द्यावी काय? सावकाराने सूट दिली तर ती त्याच्या पदरची असते. कोठीने दिली तर शेजारणीच्या पेरणीतली मूठ कमी होते. आणि दुसऱ्याच्या धनावर औदार्य दाखविणे हा धर्म नव्हे. उलट, कठोर वसुली केली तर कोठी म्हणजे गावानेच पोसलेला सावकार ठरेल. मला वाटते, यातून मार्ग आहे तो मुदतीचा. ऋण राहावे, पण लाज राहू नये. ज्यांचे पिकले त्यांनी घातलेली वाढ ही, ज्याचे बुडाले त्याला थांबता यावे म्हणूनच असते. सावकाराचे व्याज आणि कोठीची वाढ यांतला नैतिक भेद नेमका हाच.

तथापि अवर्षण एका घराला गाठून थांबत नाही. साऱ्या गावाचे पीक गेले की कोठीही रिती होते. म्हणून शेजारधर्माला मोठ्या संस्थेची जोड हवी. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली झाला. पण 1954 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जातला सहकाराचा वाटा जेमतेम शेकडा 3 दिसला. धनंजयराव गाडगीळ ज्या समितीत होते, तिने म्हणूनच सरकारची भागीदारी सुचविली. मात्र वरून आलेला पैसा गावाची जबाबदारी उचलू शकतो. शेजाऱ्याची ओळख त्याला देता येत नाही.

आपणां बदलीवाल्यांच्या पतपेढीत हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे आपल्या शब्दाची कसोटी क्वचितच लागते. सहकाऱ्याच्या अर्जावर जामीन म्हणून सही करताना आपण पाहतो ते बहुधा त्याचे पगारपत्रक. ज्याला पहिल्या तारखेचा आधार नाही, फक्त पावसाचा आहे, त्याच्यासाठी आपण तीच सही करू काय? आपली स्वतःची पत किती, हे या उत्तरावरून ठरावे.