अभ्यासाचे सोंग

खेळासाठी घेतलेली वस्तू खेळासाठीच घेतली, असे चारचौघांत सांगण्याचे धैर्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत फारसे आढळत नाही. बुद्धिबळाचा पट येतो तो बुद्धीला धार यावी म्हणून. बॅडमिंटनच्या रॅकेटी येतात त्या प्रकृतीसाठी. आणि पेटी येते ती मुलीच्या अंगी एखादी कला असावी म्हणून. कुणाला नुसती मौज हवी होती, असे या खरेद्यांच्या इतिहासात कुठे नमूद नाही. मौजेने आपल्या दारात यायचे तर उपयुक्ततेची शाल पांघरूनच यावे, असा जणू दंडक आहे. शालीआडची पाहुणी कोण हे आपल्याला ठाऊक असते. आपण ओळख दाखवत नाही, एवढेच.

हा विषय माझ्यापुढे आणला माझ्या भाच्याने. मी शिरूरला, घोडनदीच्या काठी राहतो. थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला. मेहुणे रेल्वेतून निवृत्त झालेले. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या माझ्याकडे राहून त्याने रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम केले आणि 35,000 रुपये साठवले. त्याला खेळण्यासाठी संगणक हवा होता. तोही तयार नव्हे, तर एकेक भाग निवडून स्वतःच्या हाताने जोडलेला. अक्काच्या भिशीचे 20,000 मिळाले, तर 55,000 मध्ये मनासारखे जमणार होते. भागांची यादी त्याने माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाला, "मामा, आईला तेवढं सांगा ना, अभ्यासाला लागतोय म्हणून. तुमचं ती ऐकते."

आता, हे खोटे म्हणावे का? त्या यंत्रावर अभ्यास होणार नव्हता असे नाही. तो पुरा खरा बोलत नव्हता, पण पुरा खोटेही बोलत नव्हता. आणि व्यवहारात आपण सगळेच याहून पातळ सत्यावर गुजराण करतो. मी यादी वाचू लागलो, आणि मला एक गंमत दिसली. तोंडाने काहीही सांगता येते; भागांच्या यादीला तशी सोय नाही. डिप्लोमाच्या अभ्यासाला साधा प्रोसेसर, बरी मेमरी आणि एक एसएसडी पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यावर अशा संगणकाच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक खर्च होतो, ते त्याच्या अभ्यासात कुठेच लागत नाही. पडद्यावरचे जग सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे असेल, तर ते हवे. म्हणजे यादीच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

ती साक्ष फिरवायची तर यादी बदलायला हवी. आणि खरोखरच त्याने ती थोडी बदलली होती. अभ्यासाला शोभेल असा भारी प्रोसेसर वर लिहिला होता आणि कार्ड मात्र हलके, नजरेत न भरणारे. असा संगणक अभ्यासाला नको तितका मोठा आणि खेळाला हवा त्याहून लहान झाला असता. आईला सांगायच्या कारणाने त्याच्या निवडीतच हात घातला होता. अर्धसत्याचा हा दोष नीतीच्या पुस्तकांत सहसा कुणी सांगत नाही. ते दुसऱ्याला फसवील की नाही हे पुढचे, पण आपल्याला नेमके काय हवे आहे याचा हिशेब ते आधी बिघडवते.

आमच्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला, जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या! पण जवळ जाऊन पाहिले तर त्या अखंड पत्र्याच्या नाहीत. बारीक तारांची जाळी आहे, आरपार आकाश दिसते. पाहणाऱ्याला वाटावे, पैसे संपले म्हणून काम अर्धे सोडले की काय. वस्तुतः या दुर्बिणीला ज्या लहरी पकडायच्या आहेत त्या बऱ्याच लांब असतात. जाळीची छिद्रे त्यांच्या मानाने इतकी लहान की लहरींना ती जाळी भिंतीसारखीच. वारा मात्र आरपार निघून जातो, तबकडीचे वजन उतरते, लोखंड कमी लागते आणि खर्चही. मिलिमीटरच्या लहरी पकडायच्या असत्या तर हीच जाळी कुचकामाची ठरली असती. काय पकडायचे आहे हे त्या माणसांनी स्वतःशी स्वच्छ ठरवले होते, म्हणून काय सोडून द्यायचे तेही त्यांना ठरवता आले. भाच्याला मी एवढेच म्हणालो, "खेळायला हवा असेल तर खेळायला म्हणून यादी कर. मग आईकडे तूच जा. मी काही सांगणार नाही."

त्याने यादी नव्याने केली, आणि मला कबूल केले पाहिजे की त्या चार दिवसांत तोच माझा गुरू झाला. सगळ्यांत भारी भाग सगळ्यांत चांगला, ही माझी भाबडी समजूत त्याने पहिल्याच संध्याकाळी मोडली. घरच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवणार. मग दीडशे चित्रे काढणारे कार्ड घेऊन उरलेली नव्वद कुणी पाहायची? मेमरीची 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 च्या दोन बऱ्या, कारण दोन वाटांनी माहिती एकदम ये-जा करते. मंद प्रोसेसरशेजारी तेज कार्ड ठेवले, तर कार्ड हात बांधून वाट पाहत बसते. हे मेहुण्यांना लगेच पटले. इंजिन कितीही दमदार असो, पुढे सिग्नल नसेल तर ते उभेच राहते, हे दौंड जंक्शनात आयुष्य घालवलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मला मात्र आमच्याकडचा बैलगाडा आठवला. जोडीतला एक बैल वारा पिऊन धावणारा आणि दुसरा संथ असेल, तर गाडा घाटात वाकडाच जाणार.

काचेच्या कडेचे, आत रंगीत दिवे लुकलुकणारे कॅबिनेट त्याच्या फार मनात होते. दिवाळीच्या अंकात दिव्यांविरुद्ध लिहिण्याइतका मी अरसिक नाही. पण त्या दिव्यांचे पैसे तो काढत होता एसएमपीएसमधून, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन प्रत्येक भागाला तिचा वाटा देणाऱ्या पेटीतून. ही पेटी कुणाला दिसत नाही. खेळाचा वेग तिने वाढत नाही, मित्र तिचे कौतुक करत नाहीत. म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. स्वस्त पेटीवर छापलेले वॅट पुष्कळदा छापण्यापुरतेच असतात, आणि ती जळताना शेजारच्या महागड्या भागांनाही सोबत नेऊ शकते. आमच्याकडची वीज कधी चढते कधी पडते, तेव्हा ही भीती काही पुस्तकी नाही. यावर अक्काचे मत मला फार आवडले. ती म्हणाली, "पैठणी घेताना मी आधी उलटी बाजू बघते." हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तशीच नेटकी असते, हे तिला दुकानदाराहून चांगले ठाऊक आहे.

हे ती बोलली तेव्हा भाच्याने तिला सगळे सांगून टाकले होते. "खेळायलाच हवाय आई, अभ्यास तर जुन्या लॅपटॉपवरही होईल." अक्का रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझे भिशीचे पैसे नाही मिळायचे. ते शिक्षणासाठी राखलेत. तुझ्या कमाईनं खेळ की, कोण नको म्हणतंय?"

म्हणजे खऱ्याची किंमत रोख 20,000 रुपये झाली. खरे बोलणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळते, असे मुलांच्या गोष्टींतून आपण वाचत आलो; इथे तसे काही घडले नाही, आणि मी अक्काशी भांडलो. म्हटले, खेळ ही माणसाची खरी गरज आहे. आमच्या शिरूर, खेड, आंबेगावात शर्यतीच्या बैलांवर लोक लाखांनी खर्च करतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात त्यासाठीचा कायदाही ग्राह्य धरला. बैलांच्या हालांचा वाद खरा आहे, तो हलका नाही. पण एवढ्या सगळ्या वर्षांत एकाही गाडामालकाने 'बैल नांगराला घेतलाय' असे सोंग केले नाही. मग पोराने का करावे?

अक्काने शांतपणे विचारले, "त्यानं सोंग सोडलंच ना? मग मी का धरू? खेळाला पैसे देते आणि शिक्षणाला दिले म्हणते, असं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजून नाही. खेळाला मान द्यावा हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही, आणि ज्या कामासाठी पैसा राखला त्याच कामी तो जावा हे तिचे म्हणणेही मला खोडता येत नाही. ज्या घरात 20,000 म्हणजे कांद्याच्या एखाद्या हंगामाची शिल्लक असते, तिथे खेळाची थोरवी गाणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा. मी घालतो म्हटले. भाच्याने नको म्हटले.

जुने कार्ड स्वस्तात मिळते का, तेही त्याने पाहिले. 2021 च्या सुमारास आभासी नाणी काढण्यासाठी लोकांनी कार्डे रात्रंदिवस राबवली. 2022 च्या सप्टेंबरात इथीरियमने पद्धत बदलली आणि ती राबलेली कार्डे बाजारात आली. त्यांतले कुठले किती झिजले हे विकणाराच जाणे. त्याने नाद सोडला.

शेवटी 35,000 मध्ये जे बसले ते असे: ज्याच्या पोटातच बेताची ग्राफिक्सची सोय आहे असा प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, पत्र्याचे साधे कॅबिनेट, पडदा टीव्हीचा. आणि एसएमपीएस मात्र पुढे कार्ड बसले तरी पुरेल असा, चांगल्यातला. जोडणी दौंडलाच झाली, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारच्या टेबलावर, कारण घरात उजेड तिथेच बरा. नवे मोठे खेळ त्यावर बेतानेच चालतात. दोन-तीन वर्षांपूर्वीचे बरे चालतात. मेहुणे अधूनमधून बाहेर जाऊन विजेचे मीटर पाहून येतात.

मध्यंतरी मी गेलो तेव्हा धूळ झाडायला त्याने कॅबिनेटची बाजू उघडली होती. अक्का डोकावून पाहत होती. मदरबोर्डावरच्या लांबट मोकळ्या खाचेकडे बोट दाखवून तिने विचारले, "इथं काय बसायचं होतं?"

"कार्ड."

"केवढ्याला येतं?"

त्याने आकडा सांगितला. ती 'बरं' म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत वळली.