वाट पाहण्याचा अधिकार

हिंदमाता चौकापासून परळकडे थोडें चालून गेलें म्हणजे नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय या दोन जुन्या संस्था लागतात. पहिली १९२६ सालची, दुसरी १९२९ सालची. मूल एकींत जन्मास येतें. त्याच्या श्वासांत कांहीं उणें आढळल्यास दुसरीचा आधार शोधावा लागतो. अशा वेळीं वैद्यानें हात केव्हां घालावा व केव्हां आवरावा, या प्रश्नाचा आम्ही येथें विचार करूं इच्छितों.

नवजात अर्भकाचा श्वासमार्ग स्वरयंत्राखालीं सुमारें ४ मिलिमीटर रुंद असतो. सभोंवार १ मिलिमीटर सूज आली तरी ती रुंदी निम्मी होते व वाट चतुर्थांश उरते. अर्भक श्वास घेतें तें मुख्यतः नाकानें. नाकाच्या दोन्ही वाटा मागील बाजूस जन्मतःच बंद असल्या, तर तें शांत असतां निळें पडतें व रडूं लागतांच त्याचा रंग पालटतो; नाकांत घातलेली बारीक नळी पुढें सरकत नाहीं. येथें क्षणाचाही विलंब हा अपराध होय. तोंडावाटे श्वासाची सोय तत्काळ केली पाहिजे, शस्त्रक्रिया त्यानंतर.

उलटपक्षीं, तान्ह्या मुलाच्या श्वासास येणाऱ्या घोगऱ्या आवाजाचें सर्वांत सामान्य कारण स्वरयंत्राचा मऊपणा हें आहे. उताणें निजविलें किंवा दूध पाजूं लागलें कीं आवाज वाढतो आणि आईचा जीव टांगणीस लागतो. तथापि बहुतेक मुलांचा हा दोष दीडदोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. तेथें शस्त्र उचलण्याची घाई हाच अन्याय ठरेल.

मग वाट पाहणें व हयगय करणें यांत भेद तो कोणता? हात तर दोन्हीं ठिकाणीं स्वस्थच असतो. आमच्या मतें, ज्यानें बारीक दुर्बिणीनें स्वरयंत्र पाहिलें, वजन वाढतें कीं नाहीं हें वेळोवेळीं तपासलें, मूल निळें पडूं लागल्यास काय करावें हें आईस समजावून दिलें, त्यानेंच थांबावें. कांहीं न पाहतां ‘बाळसें धरलें कीं जाईल’ असें म्हणणारा, मग तो वैद्य असो वा घरांतील वडील माणूस, आपला भार दैवावर टाकतो.

क्वचित् गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावीच लागते. श्वास मिळतो, परंतु मुलाचें रडणें बहुधा ऐकूं येत नाहीं. नळी स्वच्छ राखण्यासाठीं घरच्यांस अहोरात्र जागावें लागतें. संमति वडीलधारे देतात. ज्याचा गळा, त्यास विचारतां येत नाहीं. म्हणून सहीबरोबर वैद्याची जबाबदारी संपत नाहीं; त्या जागरणाचा कांहीं वांटा त्यानेंही उचलला पाहिजे.