कॉलबॅक समजावून लिहिताना

चि. सायली,


गझीबो सिम्युलेटरमधल्या प्लगइनचं डॉक्युमेंटेशन सुधारायचं काम तू अंगावर घेतलंस, फार बरं वाटलं. त्याबद्दल चार गोष्टी सांगते.

कॉलबॅकच्या नुसत्या नावाची फोड करू नकोस. ‘प्रीअपडेट हे अपडेटच्या आधी चालतं’ एवढ्याने कुणाचंच अडलेलं सुटत नाही. कॉलबॅक कधी येतो, किती वेळा येतो, तोवर काय घडून गेलेलं असतं आणि तिथे कशाला हात लावायचा नाही, हे वाचणाऱ्याला हवं असतं. कॉन्फिगर सुरुवातीला एकदाच येतो. प्रीअपडेटमध्ये जगाची स्थिती बदलता येते, म्हणून मोटरला आज्ञा द्यायची ती इथे. अपडेटमध्ये फिजिक्स एक पाऊल पुढे जातं. पोस्टअपडेटमध्ये फक्त वाचायचं. शिवाय निरनिराळ्या प्लगइनचे पोस्टअपडेट वेगवेगळ्या थ्रेडवर एकाच वेळी चालतात, हेही तिथेच लिही.

खरा घोळ होतो तो वेळेचा. समज, एक पाऊल 1 मिलिसेकंदाचं आहे. सिम्युलेशन चालू स्थितीत सुरू केलं, तर पहिल्याच प्रीअपडेटला सिमटाइम (सिम्युलेशनमधली वेळ) 0 नव्हे, 1 मिलिसेकंद दिसतो. कारण तो आकडा आत्ताची वेळ सांगत नाही; हे पाऊल पुरं झाल्यावर गाठलेली वेळ सांगतो. पॉझ करून सुरू केलं तर मात्र 0 दिसतो, कारण वेळ पुढे सरकतच नाही. नवख्याला हा बग वाटतो आणि तो भलतीकडेच शोधत बसतो. पॉझ असतानाही कॉलबॅक येतच राहतात, हे ठळक लिही. कॉल मोजून वेळ ठरवणारा कंट्रोलर थांबलेल्या जगातही पुढे धावत सुटतो.

लिहिण्याआधी स्वतः चालवून बघ. प्रत्येक कॉलबॅकमध्ये सिमटाइम छापणारं छोटं प्लगइन कर, चालू आणि पॉझ अशा दोन्ही स्थितींत चालव आणि जे छापून येईल ते उदाहरण म्हणून मजकुराखाली दे. ‘सहसा’, ‘बहुधा’ असे शब्द टाळ. एखादा क्रम ठरलेला नसेल, तर ‘या क्रमावर विसंबू नका’ असं स्वच्छ सांग. त्यात कमीपणा नाही. लोक निदान चुकीच्या भरवशावर कोड तरी लिहिणार नाहीत.

आणि एक नियम टीमकडून मान्य करून घे: वागणूक बदलणारा कोड आणि ती सांगणारं वाक्य एकाच पुल रिक्वेस्टमध्ये जायला हवं. मागून लिहू म्हटलं की ते राहूनच जातं.

तुझी,
मावशी