हक्काचे कलम आणि रीतीचे कलम

अधिवेशन संपले की हिशेब निघतो: किती दिवस कामकाज चालले, किती तास गोंधळात गेले, किती विधेयके मंजूर झाली. या आकड्यांवरून विधिमंडळाला गुण द्यायचे आणि ‘दिवस वाढवा’ म्हणून मोकळे व्हायचे, अशी सवयच लागली आहे.

दिवस कमी पडतात, हे मान्य. पण वाढीव दिवसांत सभागृहाने करायचे काय, असे या मंडळींना विचारले तर उत्तर येते, अधिक चर्चा. चर्चा कायद्याच्या हेतूवर होते. छाननी करायची असते त्याच्या रीतीची. हेतूवर महिनाभर भाषणे होऊनही रीतीचे कलम न वाचता हात वर होऊ शकतात.

रत्नागिरी जिल्ह्याला तरी हे वेगळे सांगायला नको. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक, १९३८ चा शेतकऱ्यांचा मोर्चा, शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, हे टप्पे इथे अनेकांना ठाऊक आहेत. हक्क कसा मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो हातात पडताना काय झाले, याबद्दल फारसे बोलत नाही.

कूळ कायद्याचेच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. या कायद्याने त्या दिवशी कसणाऱ्याला जमिनीचा खरेदीदार मानले. हे झाले हक्काचे कलम. त्याच्या पाठोपाठ होते रीतीचे, कलम ३२ ग. किंमत ठरवण्यासाठी नोटीस निघणार. कूळ हजर राहिले नाही, तर त्याला जमीन घ्यायची इच्छा नाही असे जाहीर होऊन खरेदी निष्प्रभावी ठरणार. आदेश कळल्यापासून साठ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय होती. पण इथल्या किती घरांतली कर्ती माणसे मुंबईच्या गिरणगावात राबत होती आणि शिमग्या-गणपतीलाच गावी येत होती! अशा मुलखात गैरहजेरी म्हणजे नकार कसा मानायचा? अखेर १९६९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा कुळांना खरेदीची आणखी एक संधी द्यावी लागली.

हे वेळ अपुरा पडल्यामुळे झाले, असे कोणी म्हणेल काय? चाकरमान्याच्या दारी आलेली नोटीस कोण घेणार, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. तो प्रश्न कोणी विचारलाही असेल. पण त्याचे उत्तर मूळ कलमात उतरले नाही. अधिवेशन शंभर दिवस चालवा, असा प्रश्न आपोआप सुचत नाही.

सुचवले जाणारे इतर उपायही अपुरेच. कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाने भाषणे सुधारतील, कलमे सुधारणार नाहीत. शिकलेले आमदार हवेत म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की रीत कळायला पदवीपेक्षा मतदारसंघ माहीत असावा लागतो.

छाननी अशक्य नाही. महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या आणि त्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आला. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या या विधेयकातील व्याख्या मला आजही सैल वाटतात. तरी हा बदल खऱ्या छाननीचा होता. कायदा कोणाच्या हाती द्यायचा, हे तिथे कोणीतरी तपासले.

म्हणून आमदाराला विचारावे: या कलमाप्रमाणे कोणी, कुठे, किती दिवसांत हजर व्हायचे, आणि तो आला नाही तर त्याचे काय जाणार, हे तुम्ही मतदानापूर्वी पाहिलेत का? ज्याला हे सांगता येत नाही, त्याने सभागृहात कितीही तास काढले असोत, कायदा त्याने केलेला नाही. त्याने फक्त संमती दिली आहे.