सांगणाऱ्याचे नाव

मुलीने संशोधन-परिषदेत निबंध वाचला, की घरात पेढे येतात, आणि ते यावेतच. परंतु त्या निबंधात जे आले ते तिला कोणी दिले, हा प्रश्न आपण घरात क्वचितच विचारतो. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा आपण मुलांना पाटी-पेन्सिलीपासून शिकवितो. ऐकलेल्या शब्दालाही ती लागू पडते, हे सांगावयाचे राहून जाते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे ‘आविष्कार’ हे संशोधन-संमेलन २००६ साली सुरू झाले. त्यात मानव्यविद्या, भाषा व ललितकला यांचा गट असून पदवीचे विद्यार्थीही आपले काम पोस्टरवर मांडून परीक्षकांसमोर उभे राहतात. समजा, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याची एखादी मुलगी कचारगडच्या गाण्यांवर काम करते. माघ पौर्णिमेला तेथील गुहांपाशी अनेक राज्यांतून गोंड भाविक जमतात. आपले पूर्वज तेथे कोंडले गेले होते व लिंगोने त्यांना सोडविले, ही त्यांची श्रद्धा. मुलगी सबंध सुट्टी एका म्हाताऱ्या गायिकेच्या ओसरीवर बसून गाणी उतरवून घेते. पोस्टरवर मात्र नावे येतात ती तिचे, मार्गदर्शकांचे व महाविद्यालयाचे. म्हातारीच्या वाट्याला ‘माहितीदाता’ एवढा एक शब्द, तोही पुल्लिंगी!

ही रीत जुनी आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाकडून मिळविले. १८६३ मध्ये ते पाण्यात बुडून वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर या दोघांची नावे आहेत, परधानाचे नाही. हिस्लॉप यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही उभे आहे. तथापि ऋण ते ऋणच.

यावर कोणी म्हणेल, गाणे एका बाईचे नसते, ते पिढ्यांचे असते; एकीचे नाव छापले तर इतरांवर अन्याय होईल. हा आक्षेप खरा आहे. शिवाय तिला नाव नकोही असेल. एखादे गाणे पूजेच्या जागेबाहेर जाऊ नये, असेही तिला वाटत असेल. म्हणून नाव छापून मोकळे होता येत नाही. तिला विचारावे लागते.

आणि परिषदेला आठ दिवस उरले असता ती ‘नको’ म्हणाली तर? घरातून महाविद्यालयात गेलेली ती पहिलीच मुलगी असेल, तर तिला थांबविताना आमचाही जीव कासावीस होईल. तरी आम्ही तिला ते गाणे पोस्टरवरून काढावयास सांगू. तेथे मोकळी जागा राहील आणि परीक्षक तिच्याविषयी विचारतील. त्याबद्दल काही गुण जातील, हेही आम्ही तिच्यापासून लपविणार नाही.